जपानी तलवार: जुनी नको, जिवंत लोहाराची घ्या (अनुभव आणि थोडी फजिती)

निशिकासाईकर

नमस्कार मंडळी,

मागे खरडफळ्यावर शस्त्रांचा विषय निघाला तेव्हा मी बोलून गेलो की माझ्याकडे एक जपानी कट्यार आहे, तेव्हापासून तिघाचौघांनी व्यक्तिगत निरोप धाडधाडून पिच्छा पुरवलाय, तर एकदाच काय ते लिहून टाकतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

कलेक्शन म्हणावं इतकं माझ्याकडे काही नाही. दोन नग. एक कोगाताना, म्हणजे पेन्सिल तासायला घ्यावी असली छोटी सुरी, आणि एक तांतो, कट्यारच, पण आपल्या कट्यारीसारखी आडव्या मुठीची नाही, सरळ आणि एकधारी. दोन्ही आज हयात असलेल्या, रोज भट्टी पेटवणाऱ्या लोहारांनी हातानं घडवलेल्या. अशा नव्या हत्याराला इथे, मी राहतो त्या जपानात, शिन्साकुतो म्हणतात. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्यासारख्या नोकरदार माणसाला ह्या नादाला लागायचंच असेल तर नवी घ्यावी, जुनीच्या वाटेला जाऊ नये.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात मी वाकिझाशी घेतली होती. वाकिझाशी म्हणजे मधली तलवार, एक ते दोन शाकूची, शाकू म्हणजे ३०.३ सेंमी. मुठीच्या आत जो भाग जातो तो नाकागो, त्यावर सही होती कोतेत्सु. सतराव्या शतकातला एडोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा, फार मोठा लोहार. मला तीन रात्री झोप नाही, वाटलं विकणाऱ्या येड्याला कळलंच नाही आपण काय विकतोय. मग ती घेऊन एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेलो, त्यांनी मूठ काढली, सही बघितली, फार तर दहा सेकंद, मूठ परत बसवली, कापडात नीट गुंडाळली आणि आत बायकोला म्हणाले ह्यांना चहा आण. इथे कुणी असा विनाकारण चहा पाजायला लागला की समजून जायचं. कोतेत्सु दिसला की आधी खोटाच समज, अशी जपानीत म्हणच आहे हे मला नंतर कळलं, आणि खोट्या सहीला गिमेइ असा वेगळा शब्दसुद्धा आहे. धंदा किती जुना असेल बघा.

नवीत ही भानगड नाही. ज्यानं केली त्याला फोन लावून विचारता येतं.

आता हे लोहार म्हणजे कोपऱ्यावरचं वेल्डिंगचं दुकान नव्हे. १८७६ मध्ये मेइजी सरकारनं कमरेला तलवार लावायला बंदी केली तिथेच धंदा बसला, १९४५ ला हरल्यावर अमेरिकन फौजेनं घराघरातून तलवारी गोळा केल्या आणि नवी घडवणंही बंद झालं. १९५३ पासून परवानगी मिळाली ती कलावस्तू म्हणून. आजही लायसन्स देतं ते सांस्कृतिक खातं, पोलीस नाही. किमान पाच वर्षं लायसन्सवाल्या गुरूकडे उमेदवारी, बहुतेकदा बिनपगारी, मग सरकारी प्रशिक्षणात सगळ्यांसमोर घडवून दाखवायचं, आणि एवढं करून पास झालात तरी महिन्याला दोनच लांब तलवारी करायच्या, किंवा दोन शाकूच्या आतल्या तीन. जास्त नाही. घाईघाईत माल पाडू नये म्हणून.

माझे लोहार ओकायामाकडचे. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. साठीचे आहेत, एक कान जवळजवळ गेलेला, घणाच्या आवाजानं. मी फोटो घेऊन गेलो होतो, धारेवर लवंगेच्या कळ्यांसारख्या लाटा असलेली बिझेन (ओकायामाकडचं जुनं नाव) पद्धतीची धार, चोजी म्हणतात त्याला, दिसायला एकदम भारी. त्यांनी फोटो बघितले, मला बघितलं, म्हणाले पहिलीच घेताय ना, मग सुगुहा घ्या. सुगुहा म्हणजे सरळ रेघ. मला वाटलं स्वस्तात कटवतायत. तर म्हणाले लाटांमध्ये चूक लपते, सरळ रेघेत लपत नाही, म्हणून मलाच करायला आवडत नाही, पण तुम्ही बघायला त्याच्यावरच शिकाल.

ऑर्डर दिल्यावर चौदा महिने. मध्ये एकदा मेल आलं, एका ओळीचं: एक गेली, दुसरी करतोय. म्हणजे पाणी देताना धारेला आडवी चीर गेली. त्याला हागिरे म्हणतात आणि त्याला औषध नाही, महिनाभराचं काम एका सेकंदात भंगार. मी घाबरून लिहिलं की जादा पैसे लागतील का, तर उत्तर, "ते माझं."

तांतो हातात आली तेव्हा लांबी आठ सुन दोन बु, जवळपास २५ सेंमी. नाकागोवर एका बाजूला त्यांचं नाव, दुसऱ्या बाजूला रेइवा ५, आठवा महिना. म्हणजे २०२३. प्रत्यक्षात मला मिळाली नोव्हेंबरात, पण महिना बहुतेकदा दुसरा नाहीतर आठवा घालायचा अशी जुनी रीत आहे. जुन्या तलवारींचा नाकागो गंजून काळाभोर झालेला असतो, माझा अजून नव्या पातेल्यासारखा चकचकीत आहे. तो काळा पडायला चारपाच पिढ्या लागतील, मी तर नसेनच.

आणि आता मुख्य गोष्ट. घरी आणल्यावर ट्यूबलाइटखाली धरली तर मला त्यात काही म्हणजे काहीच दिसलं नाही. चांगली पॉलिश केलेली सुरी, बास. धारेला समांतर पांढरट पट्टा होता, मला वाटलं हाच तो हामोन, म्हणजे धारेवरची ती रेघ किंवा लाट, ज्याच्याबद्दल लोक एवढं बोलतात. आठवडाभर तोच पट्टा बघून खूष होतो. मग एका जाणकार बाईंनी (त्या तलवारींच्या बैठकीला येतात, सत्तरीच्या आहेत, डोळा असा की माझा एमआरआय काढतील) सांगितलं की हा पांढरा रंग पॉलिशवाल्यानं दगड घासून आणलेला, ह्याला हादोरी म्हणतात, हा मेकअप झाला, खरा हामोन ह्याच्या आत आहे. खोलीतले सगळे दिवे बंद केले. एकच उघडा बल्ब. पातं बल्बच्या दिशेनं वर उचलून एकेक अंश तिरकं करत जायचं, बल्बचा चमकता ठिपका धारेपाशी आणायचा, आणि त्या ठिपक्याच्या कडेला बघायचं, ठिपक्यात नाही. पहिली दहा मिनिटं काही नाही. मग एकदम दिसलं. पहाटे धरणाच्या पाण्यावर जसं धुकं धरतं ना, अगदी तसलं, पोलादाच्या आत, आणि त्या धुक्यात अधूनमधून साखरेच्या कणांसारखे ठिपके. धुकं ते निओइ, कण ते निए. आणि त्याच्या वर, पात्याच्या अंगात, लाकडाच्या फळीवर असतात तशा रेषा, घड्या घातल्याच्या. मी अक्षरशः आई शप्पथ म्हणालो, मराठीत, बाईंना कळलं नसेल पण त्या हसल्या.

खर्च सगळ्यात शेवटी विचारणार होतात ना? साडेपाच लाख येन, पॉलिश, पात्याच्या मुळाशी बसते ती तांब्याची पट्टी, हाबाकी, आणि साधं लाकडी म्यान धरून. रुपयात तीनेक लाख. बायकोला मी येनमध्येच सांगितलं.

फजिती अशी की मागच्या उन्हाळ्यात सांगलीहून सासरे आले होते. मी मोठ्या कौतुकानं म्यानातून काढून दाखवली आणि त्यांनी, आपण विळीची धार बघतो तसा, अंगठा फिरवला. मी तोंड उघडेपर्यंत झालं होतं.

बाकी प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगतो.

*

सह्यकडा

जळवणारा धागा. वाचनखूण साठवली आहे. फोटो टाका की राव, फोटोशिवाय काय मजा.

*

निशिकासाईकर

@सह्यकडा, दहा फोटो काढले, दहाही फोटोंत सुरी दिसते. निओइ फोटोत येतच नाही, किंवा मला काढता येत नाही. आला की डकवतो.

*

तिरकस

तीन लाखांत भाजी चिरायची नाही, मारामारी करायची नाही, आणि हात पण लावायचा नाही. आमच्याकडे ह्याला सोवळं म्हणतात. (हलकेच घ्या)

*

शंकासुर

मी असं ऐकलंय की हजार वेळा घडी घालतात आणि मशीनगनची नळी कापते. खरं का?

*

भट्टीवाले काका

@शंकासुर, हजार वेळा घडी घातली तर हातात काही उरणारच नाही बाळा. ३४ वर्षं फाउंड्रीत काढली, म्हणून थोडं बोलतो. घडी साधारण दहा ते पंधरा वेळा घालतात. प्रत्येक घडीला थर दुप्पट, म्हणजे बारा घड्यांना ४०९६, पंधराला ३२७६८. हजार आकडा कुणीतरी थर आणि घडी ह्यात घोळ घालून काढलेला. घडी कशासाठी, तर त्यांचं जे मूळ पोलाद आहे, तामाहागाने, ते एकसारखं नसतं, त्यात कुठे कार्बन जास्त, कुठे कमी, कुठे मळी अडकलेली. घडी घालून ठोकलं की मळी बाहेर पडते आणि कार्बन सगळीकडे सारखा होतो. पण प्रत्येक तापवण्यात थोडा कार्बन जळतोसुद्धा, म्हणून सुरुवातीला जादा कार्बनचं घ्यायचं आणि उतरवत उतरवत धारेला ०.६ - ०.७ टक्क्यावर आणून थांबायचं. हे तो माणूस स्पेक्ट्रोमीटर लावून करत नाही, ठिणगी, रंग आणि घणाखाली पोलाद कसं लागतं त्यावरून करतो. दंडवत तिथे घाला, मशीनगनला नको.

आणि ते तामाहागाने लोखंडी वाळूपासून करतात. शिमाने प्रांतात ओकुइझुमो म्हणून गाव आहे, तिथे १९३३ ते ४५ तलवारींसाठी भट्टी चालायची, मग बंद, आणि १९७७ मध्ये तलवारींच्या संरक्षणाची जी संस्था आहे तिनं परत पेटवली. फक्त हिवाळ्यात. मातीची भट्टी, तीन दिवस तीन रात्री अखंड, साधारण दहा टन वाळू आणि बारा टन लोणारी कोळसा ओतायचा, शेवटी भट्टीच फोडायची आणि आतून अडीच टनाचा ढेकूळ काढायचा. त्यातलं एक टनाच्या आतच पहिल्या प्रतीचं. आणि ते पोलाद मिळतं ते लायसन्सवाल्या लोहारांनाच.

*

गवतीचहा

काका, पाणी देताना ती वाकते म्हणे, ते कसं? मला वाटायचं ठोकून वाकडी करतात.

*

भट्टीवाले काका

@गवतीचहा, ताई हा प्रश्न मला फार आवडला. आपल्या गावाकडे लोहार कोयत्याला पाणी पाजतो ना, तेच, फक्त त्याआधी पात्याला माती लिंपतात. पाठीला जाड थर, धारेला अगदी पातळ. मग अंधारात तापवतात, रंग नीट कळावा म्हणून, आणि पाण्यात बुडवतात. धारेला माती पातळ, ती झटकन थंड होते आणि कडक होते. पोलादाचं ते कडक रूप म्हणजे मार्टेन्साइट. पाठीला माती जाड, ती सावकाश थंड होते आणि चिवट राहते. आता गंमत अशी की पाण्यात गेल्या गेल्या धार आधी आकुंचते, त्यामुळे पातं क्षणभर उलटं, धारेकडे वाकतं. मग धारेत मार्टेन्साइट तयार व्हायला लागलं की तेवढा भाग फुगतो, कारण तो आकारमानानं जास्त जागा खातो, आणि पातं दुसऱ्या बाजूला, पाठीकडे वळतं. हे सगळं दोन-तीन श्वासांत. लोहार आधीच थोडा कमी बाक ठेवतो कारण उरलेला पाणी देणार आहे हे त्याला माहीत असतं. निशिकासाईकरांची पहिली जी फुटली ती ह्याच दोन-तीन श्वासांत. एका अंगानं फुगतंय, दुसऱ्या अंगानं धरून ठेवलंय, जिथे सोसत नाही तिथे चीर.

आणि हामोन म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, कडक आणि मऊ ह्यांची शीव. मातीनं जशी आखली तशी.

*

तिरकस

काका, तुम्ही वेगळा धागाच काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

*

मोगरा_नागोया

मी नागोयाला असते. माझी एंट्री गेममुळे. २०१५ ला तोकेन रांबु नावाचा गेम आला ज्यात प्रसिद्ध तलवारी म्हणजे देखणे तरुण, हसू नका, आणि त्यानंतर तलवारींच्या म्युझियममध्ये जिथे फक्त आजोबा असायचे तिथे पोरींच्या रांगा लागायला लागल्या. मी पण त्या रांगेत होते. तोक्योच्या नॅशनल म्युझियममध्ये मिकाझुकी मुनेचिका बघायला एवढा वेळ उभी राहिले की पाय गेले कामातून, आणि दिसली अर्धा मिनिट, पण त्या धारेवर चंद्रकोरी आहेत त्या खरंच दिसल्या. (नाव मिकाझुकी म्हणजे कोरच.)

माझ्याकडे फक्त दोन कोगाताना आहेत, आणि बजेट कमी असलेल्यांना हेच सांगेन. लायसन्सवाला लोहार तेच पोलाद, तीच माती, तेच पाणी वापरून छोट्या सुऱ्या करतो, तीसेक हजार येनपासून मिळतात, १५ सेंमीच्या आत असल्यामुळे तलवारीसारखं रजिस्ट्रेशन लागत नाही आणि बल्बखाली हामोन छोट्या सुरीत पण तसाच दिसतो. सेकी गावात, गिफु प्रांतात, मी माझी पहिली घेतली. तिथे २ जानेवारीला वर्षाचं पहिलं घडवणं लोकांसमोर करतात, पांढरे कपडे घालून तिघं आळीपाळीनं घण मारतात, ठिणग्या पार पहिल्या रांगेपर्यंत येतात. माझ्या जॅकेटला अजून एक भोक आहे.

*

निशिकासाईकर

@मोगरा_नागोया, +१. कोगातानाबद्दल शंभर टक्के सहमत, माझं पण तिथूनच सुरू झालं, धाग्यात लिहायचं राहिलं. घडवताना बघायचं असेल तर ओकायामात ओसाफुने गावी तलवारींचं म्युझियम आहे, सहसा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथेही करून दाखवतात. त्याच सेतोउची पालिकेनं २०२० मध्ये सांचोमो नावाची राष्ट्रीय ठेव असलेली तलवार लोकवर्गणी काढून पाच कोटी... चुकलो, पन्नास कोटी येनांना विकत घेतली. जेमतेम पस्तीस-चाळीस हजार वस्तीची पालिका. आमच्या सोसायटीत लिफ्टची वर्गणी निघत नाही.

*

भट्टीवाले काका

पन्नास कोटी बरोबर आहे, ५० कोटी म्हणजे त्यांचे ५ ओकु. त्यांचं ओकु म्हणजे आपले दहा कोटी, त्यात आपण सगळेच गडबडतो.

*

प्रभातफेरी

जुन्याबद्दल जरा एकांगी वाटलं. गिमेइचा प्रॉब्लेम आहे म्हणून तर ती तलवारींच्या संरक्षणाची संस्था तपासून अस्सल असल्याचा कागद देते ना, होझोन, तोकुबेत्सु होझोन वगैरे? कागद असलेली जुनी घ्यायची, संपला विषय. चारशे वर्षांची वस्तू हातात धरणं आणि मागच्या वर्षीची धरणं ह्यात फरक आहेच की. शिवाय नवी घेतली आणि उद्या विकायला काढली तर निम्मे तरी येतात का?

*

निशिकासाईकर

@प्रभातफेरी, मुद्दा मान्य. कागदवाली जुनी तांतो माझ्या पैशात येऊ शकली असती, आणि विकायला सोपीही पडली असती. नवी तलवार दुकानाबाहेर पडली की नव्या गाडीसारखी किंमत उतरते, त्यामुळे इन्व्हेस्टमेंट म्हणून कुणी घेऊ नका, त्यापेक्षा एफडी करा.

पण माझा हिशेब वेगळा होता. जुनीला किती वेळा पॉलिश झालंय ते आपल्याला माहीत नसतं, प्रत्येक पॉलिशला पातं झिजतं, काहींची तर वरची कातडी संपून आतलं मऊ पोलाद वर आलेलं असतं. ते ओळखायला डोळा लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता, अजूनही नाही. नवी जशी घडली तशीच समोर आहे, सगळं मांस अंगावर. आणि दुसरं म्हणजे हे लोक टिकायचे असतील तर कुणीतरी ऑर्डर द्यायला पाहिजे. इसेच्या मंदिरात दर वीस वर्षांनी सगळंच नवं करतात, तेव्हा देवासाठी तलवारीही नव्या घडवतात, मागची खेप २०१३ ची, पुढची २०३३. तेवढ्यावर घर चालत नाही. माझ्या लोहारांकडे आज एकही शिष्य नाही. एक होता, तिसऱ्या वर्षी गेला, लग्न ठरलं म्हणून.

*

प्रभातफेरी

हे पटलं. नव्यात कोणाचं काम बघावं? नावं द्या.

*

निशिकासाईकर

विकत घ्यायला नाही, बघायला सांगतो, कारण ह्यातले बरेचसे माझ्या सात जन्मात परवडायचे नाहीत. गेलेल्यांमध्ये मियाइरी युकिहिरा, सुमितानी मासामिने, मग १९९७ ला एकाच वर्षी 'जिवंत राष्ट्रीय ठेव' (हा सरकारी किताब) झालेले अमाता अकित्सुगु आणि ओसुमी तोशिहिरा. गास्सान घराणं नाराचं, त्यांच्या पात्यात वाळूवर वाऱ्यानं लाटा उमटतात तशी नागमोडी अयासुगी नक्षी असते, ती नवशिक्यालासुद्धा ट्यूबलाइटखाली दिसते. तांतो म्हणाल तर माझ्या मते आजच्या काळात मियाइरी कोझाएमोन, नागानोचे, २०१० चं मासामुने पारितोषिक (नव्या तलवारींसाठीचं सगळ्यात मोठं बक्षीस) त्यांना तांतोवरच मिळालं. योशिहारा योशिंदो माझ्या घरापासून फार लांब नाहीत, तोक्योतल्या कात्सुशिकात, त्यांचं काम न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या संग्रहात आहे. आणि नाराचे कावाची कुनिहिरा, ज्यांनी कामाकुरा काळातल्या (बारावं ते चौदावं शतक) पात्यावर दिसायची ती धूसर सावली, उत्सुरी, परत आणायला आयुष्य घातलं, २०१४ चं पारितोषिक त्यांना. मी त्यांचं एक पातं काचेबाहेरून बघितलंय. काचेबाहेरून बघणं म्हणजे खिडकीतून लग्न बघण्यासारखं, पण सुरुवात म्हणून ठीक. तोक्योत र्‍योगोकुला सुमो स्टेडियमच्या जवळच तलवार म्युझियम आहे, २०१८ ला योयोगीहून तिथे हलवलं, नव्या कामांचं प्रदर्शन तिथे चुकवू नका.

*

कायद्याचं_बोला

सगळ्यांच्या उत्साहावर पाणी टाकायला आलो आहे. भारतात आणायचा विचार असेल तर आधी थांबा. शस्त्र कायदा १९५९, कलम १०, आयातीला लायसन्स लागतं. तलवार आणि डॅगर दोन्ही नावानिशी यादीत आहेत, आणि घरकाम, शेतीची अवजारं सोडून नऊ इंचांवरची पाती पण. हौसेनं बॅगेत टाकून आणाल आणि विमानतळावर 'शो पीस आहे साहेब' म्हणाल, ते चालत नाही. माझ्याकडे असं एक प्रकरण येऊन गेलंय, वस्तू तर गेलीच, वर दोन वर्षं हेलपाटे.

*

निशिकासाईकर

@कायद्याचं_बोला, बरं झालं लिहिलंत. जपानातून बाहेर काढायलाही कागद लागतात. इथे प्रत्येक तलवारीबरोबर तोरोकुशो म्हणून एक पोस्टकार्डाएवढं रजिस्ट्रेशन असतं, प्रांताच्या शिक्षण मंडळाचं (हो, शिक्षण मंडळ), मालक बदलला की वीस दिवसांत कळवायचं. देशाबाहेर न्यायची तर हा कागद परत करून सांस्कृतिक खात्याचं निर्यातीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मी मुळात आणणारच नाहीये. परत आलो तर इथेच कुणाला तरी देऊन येईन.

आणि भारतात ऑनलाइन तीन-चार हजारांना 'ओरिजिनल कताना' म्हणून जे मिळतं ते भिंतीवर टांगायचं स्टेनलेस, त्याच्या धारेवरची लाट ॲसिडनं नाहीतर ब्रशनं काढलेली. बल्ब लावून काही दिसणार नाही, डोळे दुखतील फक्त.

*

शंकासुर

सराव करणारे जे वापरतात ते?

*

मोगरा_नागोया

ते इआइतो. बहुतेक जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, धार नसते, चुंबक चिकटत नाही. टुरिस्ट लोक तेच घेऊन जातात आणि घरी जाऊन तलवार म्हणून दाखवतात.

*

गवतीचहा

ते सगळं राहू द्या हो, सासऱ्यांच्या अंगठ्याचं काय झालं? कापला का?

*

निशिकासाईकर

@गवतीचहा, अंगठा कापला नाही, त्यांचा हात विळीवर बसलेला आहे, धारेला आडवा फिरवला, अगदी हलका. म्हणाले चांगली आहे, पण ऊस तोडायला हलकी पडेल.

मी त्यांच्यासमोर लगेच पुसायला लाजलो. तीच चूक. आम्ही जेवायला बसलो, मग हाकोनेला गेलो तीन दिवस, जूनचा महिना, इथला पावसाळा, घरात दमट. आठवड्यानं काढली तर धारेच्या वर, बरोब्बर मधोमध, तांबूस ठसा. रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. आधार कार्डाला चालला असता.

उचिको, म्हणजे पातं पुसायची दगडाची पावडर, मारली, नाही गेला. मग ज्यांनी पॉलिश केलं होतं त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावून बघितलं, कुणाचा म्हणून विचारलं, मी सासऱ्यांचा म्हणालो, तर त्यांनी कामच थांबवलं आणि सासरे काय करतात, किती वय, सगळं विचारून घेतलं. पूर्ण पॉलिश नको म्हणाले, उगाच पातं झिजेल, तेवढ्या जागेपुरतं करू. आणि मग त्यांनी जे केलं ते बघून मला हसू आवरेना. शेवटचे जे दगड असतात ना, हाझुया, जिझुया, ते कागदासारखे पातळ करून नखाएवढे तुकडे पाडतात आणि ते अंगठ्याखाली धरून अंगठ्यानंच पात्यावर फिरवतात. दीड तास. सासऱ्यांच्या अंगठ्याचा ठसा त्यांच्या अंगठ्यानं काढला. पूर्ण नाही गेला, बल्बखाली एका कोनात अजून दोन रेषा दिसतात. अजून काढू का म्हणाले, मी म्हटलं राहू द्या.

*

गवतीचहा

अगं बाई. सासऱ्यांना सांगितलं का?

*

निशिकासाईकर

बायकोनं सांगितलं. फार वाईट वाटलं त्यांना. तेल कुठलं लावतोस म्हणून विचारलं, मी सांगितलं चोजी तेल, चोजी म्हणजे लवंग, असतं मिनरल ऑइलच पण त्यात थोडं लवंगेचं तेल घालायची पद्धत. त्यांनी अर्धंच ऐकलं. गेल्या महिन्यात ऑफिसातला एक जण पुण्याहून आला तर त्याच्याबरोबर चिवड्याच्या पुड्यात गुंडाळून लवंग तेलाच्या चार बाटल्या, दाताच्या दवाखान्यात मिळतात त्या, आणि चिठ्ठी, "हत्याराला लावणे."

शुद्ध लवंग तेल पात्याला लावायची हिंमत नाही झाली. तांतोच्या डब्याशेजारीच ठेवल्यात. परवा दाढ दुखत होती, त्यातलीच एक फोडली.